पत्नीच्या नावावर माझी बोटे नोंदली गेल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे व फोटो नोंदणी विभाग,
विमानतळ (नाव इमारतीवर लिहिले आहे, तेच),
जपान.

अर्जदार : श्री. उत्तम पंढरीनाथ धाडवे, वय ६१, राहणार खारी गाव, भाईंदर (पूर्व), जिल्हा ठाणे, महाराष्ट्र.

विषय : माझ्या बोटांचे ठसे माझ्या पत्नीच्या नावे नोंदले गेल्याची कबुली, आणि तिला आज संध्याकाळच्या विमानाने परत न पाठवण्याची विनंती.

संदर्भ : १) काउंटर क्रमांक सातवर आज सकाळी घडलेला प्रकार.
२) दुभाषी बाईंशी फोनवर झालेले बोलणे (हिंदीतून, दोन्हीकडून अर्धे कळले).

महोदय,

जरा खुर्ची पुढे ओढून जवळ बसावे, ही पहिली विनंती. आपण सहा कागद दिलेत आणि दुपारी चारपर्यंत वेळ दिलात. तेवढ्यात मी आपल्याला एक कथा सांगतो. हिच्यात राक्षस नाही, लढाई नाही, राजाही नाही. एक नवरा, एक बायको आणि दोन बोटे, एवढीच माणसे आहेत. शेवटपर्यंत ऐकलीत तर आम्ही लबाड नाही, हे आपल्याला आपोआप कळेल. "जे झालं ते आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत लिहा" असे आपण सांगितलेत, त्याबद्दल आभारी आहे. नाहीतर मी इंग्रजीत लिहिले असते आणि प्रकरण आणखी वाढले असते.

१. प्रथम माझी ओळख. मी हाटकेशच्या एका स्टील भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता केबिन रोडवर आणि आमच्या खारीत लोकांना रेशनकार्ड, पाण्याचा नळ, विजेचे मीटर वगैरेंचे अर्ज लिहून देतो, धर्म म्हणून. दुसरी ओळख अशी, की मी कीर्तनवेडा आहे. स्वतः करत नाही, ऐकतो. आमच्याकडे धर्माजीबुवांचे कीर्तन असले की पहिल्या सतरंजीवर माझी जागा ठरलेली. सौ. मंदा बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसते आणि नेमकी आख्यानाच्या वेळी डुलकी काढते. बुवांचा नेम असा, की आधी सिद्धांत सांगायचा आणि मग गोष्ट. मीही त्याच क्रमाने जातो. सिद्धांत ऐकल्याशिवाय माझी चूक कशी झाली ते कळणार नाही.

२. सिद्धांत येणेप्रमाणे. आमच्याकडे घरात पूजा असली की पाटावर नवरा-बायको दोघे बसतात. पळीने पाणी सोडायचे काम नवऱ्याचे. बायकोने फक्त आपला उजवा हात त्याच्या हाताला लावून ठेवायचा. गुरुजी मधूनमधून आठवण करतात, "वहिनी, हाताला हात लावा." एवढे केले की पाणी दोघांनी सोडले असे धरतात. पुण्य अर्धे-अर्धे होत नाही, दोघांनाही पूर्ण मिळते. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली. या छत्तीस वर्षांत सत्यनारायण, वास्तुशांत, मुलीचे कन्यादान, सगळे मंदाने माझ्या कोपराला हात लावून केले आहे. आजवर कुठल्याही देवाने हरकत घेतलेली नाही. खारीच्या पतपेढीतसुद्धा आमचे खाते जोडीचे आहे, दोघांतल्या कोणाचीही सही चालते. सांगायचा मुद्दा, माणसाला छत्तीस वर्षे एखादी सवय लागली की विमानतळावर आल्यावर ती सुटत नाही.

सिद्धांत संपला. आता गोष्ट.

३. आमची एकुलती एक मुलगी चि. सौ. संपदा आपल्या देशात दोन वर्षांपासून राहते. जावई श्री. अभिनव कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. संपदाला नववा महिना लागला आहे. डॉक्टरांनी तेवीस तारीख दिली आहे. आज बारा. पहिलेच बाळंतपण, घरात दुसरे बाईमाणूस नाही, शेजारीण फार चांगली आहे असे ती सांगते, पण दोघींची भाषा एक नाही. फोनवर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात तर छानच, पण आईला आधी पाठवा." त्यात मला वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. खरेच होते ते.

४. आमचे आयुष्यातले पहिले विमान. पलीकडच्या सीटवर योगायोगाने भाईंदर पश्चिमेचेच श्री. गुणवंतभाई निघाले. हिऱ्यांच्या कामासाठी ते वरचेवर इकडे येतात. त्यांनीच आम्हाला वाटेत सावध केले, "काका, उधर जाके मशीन में उंगली रखने का. दोनों हाथ की पहली उंगली. नवंबर से चालू किया है, सब फॉरेनर को करना पडता है. डरने का नहीं." मंदा म्हणाली, "मी कशाला घाबरू? मी काय कुणाचं चोरलंय?" तरीपण तिने विमानातच दोन वेळा हात धुऊन घेतले, हे मी पाहिले.

५. आपल्या रांगेत गुणवंतभाई आमच्या मागे होते. आमचा नंबर आल्यावर तेच म्हणाले, "साथ में जाओ ने काका, फॅमिली को साथ में छोडते हैं." म्हणून आम्ही दोघे एकदम काउंटरपाशी गेलो. काउंटरवरच्या बाई वयाने आमच्या संपदाएवढ्या असतील. त्यांनी हसून मान लववली, आम्हीही लववली. त्यांनी मंदाचा पासपोर्ट घेतला आणि यंत्रावरचे चित्र दाखवले. मंदाने आधी यंत्राला नमस्कार केला, मग दोन्ही बोटे ठेवली. यंत्र लाल झाले. बाईंनी पुन्हा ठेवायला लावली. पुन्हा लाल. त्यांनी काच पुसली, मंदाची बोटे ओल्या कागदाने पुसली, स्वतःच्या हातांनी धरून दाबली. लालच.

मंदा मला म्हणाली, "अहो, काय म्हणतंय ते?"

मी म्हणालो, "दाब म्हणतंय."

"दाबतेय की! अजून किती दाबू? त्यांचं मशीन बिघडलंय. आपल्याकडे असतं तर वरून दोन धपाटे घातले असते."

६. महोदय, यंत्र बिघडलेले नव्हते. ते मला त्या क्षणी कळले. मी ज्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो, त्याच कारखान्यात मंदा बावीस वर्षे होती. तिचे काम असे, की पॉलिश होऊन आलेले डबे, पातेली, ताटे पावडरीच्या फडक्याने घासून पुसायची, म्हणजे त्यांत तोंड दिसले पाहिजे. दिवसाला चारशे नग. ती पावडर बोटे खाते. पहिल्या पाच वर्षांत कातडी जायची आणि पुन्हा यायची. नंतर यायचीच बंद झाली. तिची पहिली दोन बोटे आज कारखान्याच्या ताटासारखी गुळगुळीत आहेत. मी खुर्चीत बसून वही लिहिली, म्हणून माझ्या बोटांवर सगळ्या रेषा जशाच्या तशा आहेत. संपदाला इंजिनीअर करायचे ठरले तेव्हा मी एकट्याच्या पगारात हात वर केले होते, मंदाने केले नाहीत. ज्या बोटांनी मुलगी आपल्या देशापर्यंत पोहोचली ती बोटे आपल्या यंत्राला दिसेनात. यात यंत्राला दोष देत नाही. मलाही ती नीट दिसली नव्हती, आज सकाळपर्यंत.

७. आता मूळ गुन्हा. काउंटरवरच्या बाई आणखी ओले कागद घ्यायला मागच्या खणाकडे वळल्या. मंदाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर होता आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होते. मागून गुणवंतभाई हळूच म्हणाले, "काका, कुछ करो, लाइन बढ रही है." आणि मी, कुठलाही विचार न करता, बाजूने हात पुढे करून माझी दोन्ही बोटे काचेवर ठेवली आणि मंदाला म्हणालो, "हाताला हात लाव."

तिने लावला. कोपरालाच लावला, नेहमीसारखा.

यंत्र हिरवे झाले.

शपथेवर सांगतो, मला नवल वाटले नाही. मला वाटले, व्हायलाच पाहिजे. बाई वळल्या, हिरवा दिवा पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. मंदाने टाळी वाजवली. मीही वाजवली. कीर्तनाची सवय, कोणी एकाने वाजवली की आपले हात थांबत नाहीत. तेवढ्यात फोटो निघाला, पासपोर्टावर शिक्का बसला. त्या फोटोत मंदाच्या बाजूला एक कोपर दिसेल, करड्या स्वेटरचे. ते माझे. पुरावा म्हणून नमूद करतो. त्या बाईंची काहीही चूक नाही. त्यांची पाठ होती. त्यांना कोणी रागावू नये.

८. मग माझा नंबर आला. मी तीच दोन बोटे ठेवली. यंत्राने लाल दिवा तर दाखवलाच, वर एक बारीकसा आवाज काढला. बाईंनी पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मंदाकडे पाहिले आणि टेलिफोन उचलला. दोन साहेब आले, आम्हाला या खोलीत आणून बसवले, चहा दिला, आणि फोनवर हिंदी बोलणाऱ्या दुभाषी बाई जोडून दिल्या. आमचे संभाषण असे झाले :

"सर, आप पाँच मिनट पहले इस देश में आ चुके हैं."

"नहीं मॅडम, मैं तो इधर साहब के सामने बैठा है."

"कंप्यूटर के हिसाब से आप अंदर हैं. आपका नाम मंदा है?"

"मंदा मेरी मिसेस है."

"लेकिन उँगलियाँ मंदा की हैं."

"उँगलियाँ मेरी हैं, मॅडम. मंदा ने हात लगाया था."

"किसको हाथ लगाया?"

"मेरे हात को."

इथे बाईंनी फोन साहेबांकडे द्यायला सांगितला. त्यांनी आपल्या साहेबांना काय सांगितले ते मला कळले नाही, पण साहेबांनी आपले स्वतःचे कोपर तपासून पाहिले. त्यानंतरच हे सहा कागद आले. म्हणून हात लावण्याचा सिद्धांत मी सविस्तर लिहिला आहे. तो एका वाक्यात सांगता येत नाही, हे त्या साहेबांच्या चेहऱ्यावरून मला पटले.

९. माझी सध्याची स्थिती विचारात घ्यावी. आपल्या दफ्तरी मी छप्पन्न वर्षांची महिला असून देशात येऊन मला चार तास झाले आहेत. उत्तम धाडवे नावाचा माणूस विमानातून उतरलेलाच नाही. दर नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता कोणाच्या नावाने द्यावा हा प्रश्न आहे. मंदाची स्थिती आणखी कठीण. तिचा चेहरा आत आला आहे आणि बोटे बाहेर आहेत. याबाबत तिला विचारले असता ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा. मला फक्त सांगा, पोरीपर्यंत कधी जायचं?" आणि तोंड फिरवून बसली आहे. मघापासून माझ्याशी बोलत नाही. चहा मात्र माझ्याही कपातला प्यायली.

१०. दुभाषी बाई म्हणाल्या, की ठशांत फसवणूक झाली असे ठरले तर संध्याकाळच्या सहाच्या विमानाने दोघांना परत जावे लागेल. संपदा आणि अभिनव सकाळी सातपासून बाहेरच्या दाराशी उभे आहेत. नवव्या महिन्यात तिने इतका वेळ उभे राहू नये. आपल्या कोणा माणसाकडून तिला खुर्ची देण्यात यावी. ही मागणी मुख्य अर्जाचा भाग समजू नये. ती आधी मंजूर व्हावी.

११. मुख्य अर्जाबाबत. खाली काही मार्ग सुचवतो. जो कायद्यात बसेल तो घ्यावा.

अ) मंदाची डाव्या हाताची करंगळी तपासावी. फडके धरताना ती करंगळी बाहेर ठेवायची, नखाला लागू नये म्हणून. तिथल्या रेषा शाबूत असतील. मी आत्ता पाहायला गेलो तर तिने हात मागे घेतला, पण आपल्याला दाखवेल.

आ) करंगळीही चालत नसेल तर पायाचा अंगठा घ्यावा. डब्यांना तिने पाय कधी लावलेला नाही, अन्नाची भांडी म्हणून.

इ) ठसे कुठलेच चालत नसतील तर साधी परीक्षा घ्यावी. या मोठ्या हॉलमध्ये शंभर बायका उभ्या कराव्यात, जगभरातल्या, सगळ्यांची पाठ दाराकडे. मग संपदाने दारातून एकदाच "आई" म्हणून हाक मारावी. जी बाई सगळ्यांना ढकलून धावत येईल ती मंदा. यात चूक होणार नाही. यंत्रही लागणार नाही.

ई) धर्माजीबुवा एकदा कीर्तनात म्हणाले होते, देवाच्या दारात नाव-गाव विचारत नाहीत, कोण कोणाचा हात धरून आलंय तेवढं बघतात. सगळी सतरंजी तेव्हा हसली होती, मीही. पण हे देवाचे दार नसून आपले आहे आणि आपल्यालाही वर उत्तर द्यावे लागते, हे मला समजते. सबब हा मार्ग फक्त माहितीसाठी.

१२. हे कलम लिहायला वेळ लागला. एक कागद त्यात फुकट गेला, क्षमा असावी.

वरीलपैकी काहीच बसत नसेल, आणि बोटांच्या एका जोडीवर एकच माणूस आत जाऊ शकतो असाच आपला कायदा असेल, तर माझे म्हणणे असे, की माझी बोटे मंदाच्या नावावर आहेत तशीच राहू द्यावीत. खोडू नयेत. ती जोडी मी तिला राजीखुशीने देत आहे. कोणाचा दबाव नाही, शुद्धीवर आहे. बावीस वर्षे तिने आपली बोटे घरासाठी दिली, त्यापुढे ही काहीच नाही. तिला मुलीकडे जाऊ द्यावे आणि मला सहाच्या विमानात बसवावे. मी वाद घालणार नाही. फसवणूक म्हणून जी काही शिक्षा असेल ती माझ्या पासपोर्टावर लिहावी, तिचा पासपोर्ट कोरा ठेवावा. आख्यानात कोणी एकाने मागे राहायचे असते, त्याशिवाय दुसरा पोहोचत नाही. मी इतकी कीर्तने ऐकली, ही वेळ माझ्यावर येईल असे कधी मनात आले नाही एवढेच.

हे कलम मी मंदाला वाचून दाखवले. तोंड फिरवून बसल्यापासून ती आत्ता पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "खोटं बोलून शिरलेत ते शिरलेत, आता हुतात्मे व्हायला निघालेत. परत जाऊन जेवाल काय? गॅस तरी पेटवता येतो का तुम्हाला?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "लिहा तसंच. पण मोजे घालून जा. विमानात पाय गार पडतात तुमचे." यावरून तिची संमती आहे असे समजावे.

१३. या अर्जासोबत दोघांचे पासपोर्ट, परतीची दोन तिकिटे, संपदाच्या डॉक्टरांचे पत्र आणि डिंकाच्या लाडवांची यादी जोडली आहे. लाडू तपासणीसाठी आपल्याकडेच आहेत. ते बाळंतिणीचे आहेत. पंचवीस होते. तपासताना एखादा कमी झाला तर हरकत नाही, उलट बरे वाटेल.

१४. शेवटची विनंती. आपल्या भिंतीवर चित्रांची पाटी आहे, ती मी दुभाषी बाईंकडून समजून घेतली. सोळा वर्षांखालच्या मुलांना ठसे द्यावे लागत नाहीत. म्हणजे तेवीस तारखेला किंवा थोडे अलीकडे-पलीकडे जे बाळ होईल, मुलगी असो की मुलगा, त्याची आपल्याकडे बोटे ठेवायची पाळी सन २०२४ मध्ये येईल. आपण तोवर मोठ्या पदावर असाल किंवा निवृत्त. मी कुठे असेन ते सांगता येत नाही. ते पोर आजोळाहून परत येताना याच काउंटरला उभे राहील, आणि त्याला इथली भाषा मातृभाषेसारखी येत असेल. त्याची बोटे काचेवर उठतील तेव्हा, आपण असाल तर आपण, नसाल तर आपल्या जागी जो बसेल त्याला सांगून ठेवून, त्याच्या आजीची एकदा आठवण काढावी. तिला दोन्ही हातांनी त्याला पहिल्यांदा घ्यायचे होते, म्हणून ती इथवर आली होती. बाकी काही सांगू नये. कोपराचे तर अजिबात नको.

निर्णय काहीही होवो, मन दुखावले असेल तर क्षमा करावी.

कळावे,
आपला नम्र,

(सही)
उत्तम पंढरीनाथ धाडवे

दिनांक : १२ फेब्रुवारी २००८, मंगळवार
वेळ : दुपारी साडेबारा (आपल्या घड्याळाप्रमाणे, माझे अजून भाईंदरचे दाखवते)